ताओर्मिनाला जाताय? मग गावातच दोन रात्री राहा

इटलीतल्या सिसिली बेटावर जाणारे बरेच जण ताओर्मिना एका दिवसात उरकतात. सकाळी अकराच्या आसपास बसमधून उतरायचं, प्राचीन ग्रीक-रोमन थिएटर बघायचं, मेन रस्त्यावरून एक चक्कर मारायची, आइस्क्रीम खायचं, फोटो काढायचे आणि संध्याकाळच्या बसने परत. पहिल्यांदा मीही असंच केलं होतं आणि परतताना वाटलं होतं, गाव सुंदर आहे पण गर्दी केवढी. दुसऱ्यांदा आईला घेऊन गेले, तिचे गुडघे दुखतात म्हणून सगळं सावकाश घ्यायचं ठरवलं होतं, त्यामुळे गावातच दोन रात्री राहिलो आणि तेव्हा मला हे गाव खऱ्या अर्थाने दिसलं.

कारण साधं आहे. इथल्या दोन सगळ्यात भारी गोष्टींना सकाळ लागते. थिएटरमधून दिसणारा एटना ज्वालामुखी सकाळीच स्वच्छ दिसतो, दुपारी त्याच्या डोक्यावर बहुतेक वेळा ढग बसतात आणि सूर्यही त्याच बाजूला सरकतो. आणि खालचा, इझोला बेल्ला या छोट्या बेटासमोरचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, मागे उंच डोंगर, त्यामुळे दुपार कलली की तिथे लवकर सावली येते. म्हणजे दोन सकाळी हव्यात, आणि दोन सकाळींसाठी दोन रात्री. एवढं लक्षात ठेवलंत तर बाकी प्लॅन आपोआप बसतो.

गावाची रचना आधी डोक्यात घ्या, नाहीतर उगाच वर-खाली करून पाय जातील. तीन मजल्यांचं घर समजा. तळमजल्यावर समुद्र, तिथे मात्सारोचा किनारा, इझोला बेल्ला आणि रेल्वे स्टेशन. मधला मजला म्हणजे खुद्द ताओर्मिना, समुद्रापासून साधारण २०० मीटर उंचीवर. आणि गच्ची म्हणजे कास्तेलमोला, ५२९ मीटरवरचं चिमुकलं गाव. तळमजला ते मधला मजला केबल कार आहे, चार-पाच मिनिटांत पोचवते. मधून गच्चीवर जायला बस आहे. जिने सगळीकडे आहेत, पण उतरायला जिना आणि चढायला केबल कार हा नियम ठेवा. गुडघे दुखत असतील तर दोन्हीकडे केबल कार, कारण दुखऱ्या गुडघ्यांना उतरणंच जास्त त्रास देतं.

पोचायचं कसं? जवळचा विमानतळ कातानिया. तिथून ताओर्मिनाची थेट बस मिळते, साधारण सव्वा ते दीड तास लागतो आणि ती वर गावापर्यंत नेऊन सोडते, सामान असेल तर मी हाच पर्याय सांगेन. ट्रेनही छान आहे, कातानियाहून पाऊण-एक तासाचा समुद्राकाठचा प्रवास, पण ताओर्मिना-जार्दिनी स्टेशन अगदी खाली समुद्राला लागून आहे आणि तिथून वर यायला पुन्हा बस किंवा टॅक्सी करावीच लागते. ट्रेनचं कागदी तिकीट घेतलंत तर चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होऊ शकतो. गाडी भाड्याने घेणार असाल तर गावाच्या आत नेऊ नका, जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरे लावलेले असतात आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं. पोर्ता कातानियाजवळ, पोर्ता म्हणजे वेस, मोठं पार्किंग आहे, दुसरं लुंबीचं, तिथून वर यायला शटल बस असते.

हॉटेल बुक करताना एक प्रश्न मेलवर विचाराच: रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती? आमच्या राहण्याच्या जागेने 'मेन रस्त्यापासून पाच मिनिटं' लिहिलं होतं आणि ते खरंही होतं, फक्त ती पाचही मिनिटं जिन्याची निघाली. दोन चाकांच्या बॅगा, आई आणि भर दुपारचं ऊन. शेवटी आईला एका दुकानाच्या पायरीवर सावलीत बसवून मी दोन खेपा केल्या. लिफ्ट आहे का हा प्रश्न वेगळा आणि दारापर्यंत पायऱ्या किती हा वेगळा, दोन्ही विचारा.

आता पहिली सकाळ. ती थिएटरची. तेआत्रो आंतिको सकाळी उघडतं तेव्हा तिकीट खिडकीशी हजर राहा, म्हणजे साधारण नऊ, पण सीझनप्रमाणे वेळ बदलते म्हणून आदल्या दिवशी बघून ठेवा. बसचे ग्रुप यायच्या आधीचा पाऊण-एक तास तुमचा. आत गेल्यावर लगेच स्टेजकडे उतरू नका. आधी वर चढा, अगदी वरच्या कडेपर्यंत, आणि मग वळून बघा.

जे दिसतं ते सांगते. खाली अर्धवर्तुळात उतरत गेलेल्या पायऱ्या, त्यांच्या टोकाला विटांची लालसर भिंत, थोडे उभे राहिलेले खांब, आणि भिंतीच्या बरोबर मध्ये मोठं खिंडार. त्या खिंडारातून खालच्या जार्दिनी नाक्सोस गावाचा वळणदार किनारा दिसतो आणि त्याच्या वर, आकाशाला टेकलेला, ३,३०० मीटरपेक्षा उंच एटना, तोंडातून धुराची बारीक रेघ सोडत. आम्ही गेलो तेव्हा वर थोडा बर्फ होता आणि धूर बर्फापेक्षा जरा मळकट रंगाचा होता, म्हणून तो ढग नाही हे कळत होतं. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "हा अजून जागा आहे गं."

हे थिएटर मुळात ग्रीकांचं, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातलं मानतात, पण आज उभं दिसतं ते जवळजवळ सगळं रोमन काळातलं, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात नव्याने बांधलेलं, म्हणून एवढ्या विटा. व्यास १०९ मीटर, सिसिलीत यापेक्षा मोठं फक्त सिराक्यूजचं. नंतर रोमनांनी इथे ग्लॅडिएटरच्या झुंजी लावल्या आणि त्यासाठी पुढच्या ओळी काढून मधली जागा वाढवली. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की स्टेजमागची भिंत रोमन काळात अखंड आणि उंच होती, म्हणजे खालच्या पायऱ्यांवर बसलेल्या रोमन प्रेक्षकाला एटना दिसतच नव्हता. मधली भिंत पडली म्हणून आज आपल्याला हा नजारा मिळतो.

एक काळजी घ्या. उन्हाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, इथे कॉन्सर्ट, ऑपेरा, फिल्म फेस्टिव्हल चालू असतात, तेव्हा स्टेजवर लोखंडी सांगाडे आणि स्पीकर उभे असतात आणि ते खिंडार बऱ्यापैकी झाकलं जातं. निव्वळ नजारा हवा असेल तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बरा. पण उन्हाळ्यात जाणारच असाल तर रडत बसू नका, एका संध्याकाळच्या कार्यक्रमाचं तिकीट काढा, वरच्या साध्या पायऱ्यांचं स्वस्तातलं चालतं, फक्त बसायला उशी किंवा जाड शाल न्या, दगड टोचतो.

थिएटरमधून बाहेर पडलात की भूक लागलेली असते, तेव्हा ग्रानिता आणि ब्रिओश खा. सिसिलीत हा उन्हाळ्यातला नाश्ता आहे, जेवणानंतरचं गोड नाही. ग्रानिता म्हणजे बर्फाचा गोळा नव्हे, गोळ्यापेक्षा खूप मऊ, चमच्याने उचललं की ओल्या वाळूसारखं घसरतं. बदाम, लिंबू, कॉफी, पिस्ता, तुती असे फ्लेवर असतात, पहिल्यांदा बदामच घ्या. सोबत येणाऱ्या ब्रिओशच्या डोक्यावर एक छोटा गोळा असतो, त्याला तिथे तुप्पो म्हणतात, म्हणजे चक्क अंबाडा. आधी तो अंबाडा तोडायचा, ग्रानितात बुडवायचा आणि खायचा, मग उरलेला पाव. पाव अजून कोमट आणि बदामाचा बर्फ गार, दोन्ही एकदम तोंडात, त्यात बदामाचा किंचित कडवटपणा. मी तीन दिवस रोज खाल्लं.

मग कोर्सो उंबेर्तो. हा गावाचा मेन रस्ता, पोर्ता मेस्सिना ते पोर्ता कातानिया, जेमतेम पाऊण किलोमीटर, वाहनं नाहीत आणि बराचसा सपाट, त्यामुळे आईसारख्यांना अगदी सोयीचा. दुकानं महागडी आहेत, ती सोडा, दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांत डोकवा. पोर्ता मेस्सिनाजवळचा पालाझ्झो कोर्वाया हा जुना वाडा बघा, १४११ मध्ये सिसिलीचं पार्लमेंट इथे भरलं होतं आणि त्याच्या मधोमध असलेला बुरूज अरब काळातला आहे. त्याला लागूनच सांता कातेरिना चर्च आणि चर्चच्या मागे छोटं रोमन ओदेऑन, म्हणजे छपराचं बारकं थिएटर, जे १८९२ मध्ये सापडलं. मोठं थिएटर बघायला धावणारे बहुतेक जण याच्यासमोरून न बघता जातात. तसंच नाउमाखिये, कोर्सोच्या खालच्या गल्लीत १२२ मीटर लांब विटांची भिंत आणि तिच्यात १८ कोनाडे. ही रोमन पाण्याच्या टाकीची भिंत होती आणि आज तिला लागून लोकांची घरं आहेत, खिडकीत कपडे वाळत घातलेले. तिकीट नाही, पाच मिनिटं पुरतात.

रस्त्याच्या मध्यावर पियाझ्झा नोव्हे आप्रिले लागतो, म्हणजे ९ एप्रिलचा चौक. या तारखेची गंमत अशी की ९ एप्रिल १८६० ला गावात बातमी पसरली की इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा सेनानी गॅरिबाल्दी सिसिलीतल्या मार्साला बंदरात उतरला, लोकांनी आनंद केला, आणि बातमी खोटी निघाली. गॅरिबाल्दी खरोखर उतरला ११ मे ला. नाव मात्र ९ एप्रिलचंच राहिलं. चौकाला कठडा आहे, खाली समुद्र, उजवीकडे एटना, बाजूला सान जुझेप्पे चर्चचा दुहेरी जिना आणि घड्याळाचा बुरूज. इथल्या कॅफेत टेबलावर बसलात तर कॉफीचे पैसे काउंटरवर उभं राहून प्यायच्या कितीतरी पट होतात, तो सगळा जागेचा पैसा. हवं तर एकदा बसा, पण मेन्यूकार्डवरचा भाव बघून बसा. आम्ही गल्लीतल्या बारमध्ये उभ्याने कॉफी प्यायलो आणि मग कठड्यालगतच्या बाकावर हवा तेवढा वेळ बसलो, बाक फुकट आहेत.

पुढे कातेद्राले, म्हणजे गावाच्या मुख्य चर्चसमोर १६३५ चं कारंजं आहे, त्याच्यावर गावाचं चिन्ह, सेंटॉर, म्हणजे अर्धा माणूस अर्धा घोडा, पण बाईचं आणि दोनच पायांचं. चर्चमध्ये जाताना खांदे-गुडघे झाकलेले हवेत आणि दुपारी चर्च बंद असतात, तेव्हा सकाळी किंवा पाचनंतर जा.

दुपार बागेत काढा. व्हिला कोमुनाले ही सार्वजनिक बाग, प्रवेश फुकट, आणि मला विचाराल तर थिएटरनंतर गावातली सगळ्यात सुंदर जागा हीच. फ्लॉरेन्स ट्रेव्हेल्यन नावाची इंग्लिश बाई एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे आली, गावातल्या डॉक्टरशी, जो पुढे मेयरही होता, १८९० मध्ये लग्न केलं आणि ही बाग उभी केली. आत तिने विटा, दगड, लाकूड असं मिळेल ते वापरून पक्षी बघायला मनोरे बांधले, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दिसतात, आजही उभे आहेत. सावली दाट, बाकडी भरपूर, कडेला पूर्ण किनारा दिसतो. आई इथे दीड तास बसली, शेजारी एक सिसिलियन आजी होत्या, भाषा कुणाचीच कुणाला कळत नव्हती, पण गुडघे दोघींचे दुखत होते एवढं एकमेकींना हाताने सांगून झालं आणि जाताना आजींनी पर्समधून बदामाची दोन बिस्किटं काढून दिली.

दुसरी सकाळ समुद्राची. व्हिया पिरांदेल्लोवर केबल कारचं स्टेशन आहे, तिथून खाली मात्सारो, मग रस्त्याने थोडं चालून जिन्याने इझोला बेल्ला. लवकर जा, नऊच्या आत. इझोला बेल्ला हे किनाऱ्याला चिकटलेलं छोटंसं बेट, मध्ये वाळू-गोट्यांची अरुंद पट्टी, समुद्र शांत असला तर कोरड्या पायाने जाता येतं, नाहीतर घोट्या-गुडघ्याएवढ्या पाण्यातून. हेही त्या ट्रेव्हेल्यन बाईंनीच १८९० मध्ये विकत घेतलं आणि झाडं लावली, १९९० मध्ये सिसिलीच्या सरकारने घेतलं आणि १९९८ पासून संरक्षित क्षेत्र आहे. बेटावरच्या जुन्या घराला वेगळं तिकीट आहे. किनाऱ्यावर वाळू जवळजवळ नाही, गोटे आहेत, गोल आणि गुळगुळीत पण अनवाणी चालवत नाही, तेव्हा पाण्यात घालायचे रबरी बूट न्याच. पाणी इतकं नितळ की गळाभर पाण्यात आपलेच पाय दिसतात, साधा पोहायचा चष्मा असला तरी मासे दिसतात. मे मध्ये पाणी बऱ्यापैकी गार असतं, पोहायचंच असेल तर सप्टेंबर उत्तम, पाणी उबदार आणि ऑगस्टची गर्दी ओसरलेली. ऑगस्टच्या मध्यावर, विशेषतः १५ तारखेच्या आसपास, जमलं तर जाऊच नका, अख्खं इटली सुट्टीवर असतं. आणि नोव्हेंबर ते मार्च बरीच हॉटेलं बंद असतात. जोराचा वारा असला तर केबल कार बंद ठेवतात, अशा वेळी वर यायला बस आहे, घाबरायचं कारण नाही.

त्याच संध्याकाळी कास्तेलमोला. व्हिया पिरांदेल्लोवरच्याच बस स्टँडवरून बस जाते, पाव तासाचा वळणावळणाचा रस्ता, परतीची शेवटची बस कधी आहे ते चढतानाच ड्रायव्हरला विचारून घ्या. पायात दम असेल तर चढून जा, वाटेत जिन्यावर येशूच्या क्रूस यात्रेचे टप्पे लागतात आणि अर्ध्यात माडोन्ना देल्ला रोक्का नावाचं चर्च, कातळातच कोरलेलं, आतलं छत म्हणजे नुसता खडक. चर्चसमोरच्या ओट्यावरून अख्खं थिएटर खाली ताटलीसारखं दिसतं, तेव्हा कळतं ते कसल्या अफलातून जागी बांधलंय. मी ही वाट चढले, आई बसने आली आणि आम्ही वर चौकात भेटलो.

कास्तेलमोला म्हणजे एक चौक, चार गल्ल्या, किल्ल्याचे थोडे अवशेष आणि चारी बाजूंना मोकळं आकाश. इथली खासियत बदामाची वाइन, छोट्या ग्लासात गार देतात, गोड असते आणि वास थेट बदामाच्या बर्फीसारखा. सूर्य एटनाच्या बाजूला मावळतो. उन्हाळा असला तरी पातळ जॅकेट न्या, वर वारा बोचरा असतो.

जेवणाचं थोडं, विशेषतः शाकाहारी लोकांसाठी. पास्ता आल्ला नोर्मा डोळे मिटून मागवा, वांगं, टोमॅटो, बेसिल आणि वरून किसलेलं खारट रिकोत्ता चीज, कातानियाचीच डिश. कापोनाता म्हणजे वांग्याची आंबट-गोड भाजी, पावाबरोबर मस्त लागते, पण कधीकधी मासे घालतात, विचारून घ्या. आरांचिनो हा भाताचा तळलेला गोळा, या बाजूला टोकदार, एटनासारखा, पण नेहमीच्या सारणात मांस असतं, म्हणून वांग्याचा किंवा पालकाचा मागा. कान्नोली नावाच्या मिठाईच्या कुरकुरीत नळीत पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी घालतात, ब्रिओशमध्येही काही ठिकाणी, चालत नसेल तर 'सेन्झा स्त्रुत्तो' आहे का विचारा, म्हणजे चरबीविना. 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे', मांस नको मासे नको, हे पाठच करून जा. बिलात 'कोपेर्तो' नावाने माणशी एक-दोन युरो किंवा जास्त लागलेले दिसतील, ती फसवणूक नाही, टेबलावर बसण्याचे पैसे आहेत.

तिसरा दिवस हाताशी असेल तर अल्कांताराची घळ बघा, लाव्हा थंड होऊन तयार झालेले बसाल्टचे उभे खांब आणि मधून बर्फासारखं पाणी. किंवा खाली जार्दिनी नाक्सोस, ग्रीकांची सिसिलीतली पहिली वसाहत, इसवी सनापूर्वी ७३४ ची, अवशेष थोडेच आहेत पण लिंबाच्या झाडांतून निवांत फिरता येतं. एटनावर जायचं असेल तर तो पूर्ण दिवसाचा कार्यक्रम, वेगळा दिवस ठेवा.

आणि दोन्ही रात्री, जेवण झाल्यावर, दहाच्या सुमारास पुन्हा ९ एप्रिलच्या चौकात जा. दिवसभराच्या बस गेलेल्या असतात, गावातली पोरं फुटबॉल खेळत असतात, म्हातारे पुरुष चर्चच्या पायऱ्यांवर बसलेले. कठड्यापाशी उभं राहून नैऋत्येकडे बघा. खाली किनाऱ्याच्या दिव्यांची लांब माळ आणि तिच्या वर नुसता काळोख, तोच एटना. तो जोरात असेल तर त्या काळोखात वरती एक लाल ठिपका दिसतो. आम्हाला दुसऱ्या रात्री दिसला, मिणमिणता, मध्येच मोठा होणारा, आणि आईने मला अकरा वाजेपर्यंत तिथून हलू दिलं नाही.